डुकरांच्या पिल्लांची लस : साठ वर्षं टोचली, मग कायद्याने थांबवली

३१ जानेवारी १९७८ ला अमेरिकेने जाहीर केलं की हॉग कॉलरा हा डुकरांचा रोग आपल्या देशातून संपला. या घोषणेतला एक तपशील फारसा कुणी सांगत नाही. घोषणा झाली तेव्हा तिथे या रोगाची लस टोचणं बरीच वर्षं आधीच बंद झालेलं होतं. लस मिळत नव्हती असं नाही. मिळत होती, चांगली होती, शेतकऱ्यांना हवीही होती. सरकारने ती मुद्दाम थांबवली. आणि तसं केलं नसतं तर ३१ जानेवारीची ती घोषणा कधी झालीच नसती.

हे वाचून लसविरोधकांनी लगेच खूश होऊ नये. गोष्ट पुढे आहे, आणि ती त्यांच्या बाजूची नाही.

आधी नावांचा घोळ मिटवतो, कारण आपल्याकडे डुक्कर म्हटलं की सगळे रोग एकाच पोत्यात जातात. हॉग कॉलरा म्हणजेच आज ज्याला क्लासिकल स्वाईन फीव्हर म्हणतात तो. विषाणूचा आजार, फक्त डुकरांना होतो, माणसाला होत नाही. माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. स्वाईन फ्लू हा वेगळा, तो श्वसनाचा. आफ्रिकन स्वाईन फीव्हर हा तिसरा. लक्षणं क्लासिकलसारखीच, पण विषाणू पूर्णपणे निराळा, त्यामुळे एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली. २००९ साली पुण्यात स्वाईन फ्लूची साथ आली तेव्हा शहरातला आजार माणसाकडून माणसाला पसरत होता, पण आमच्या कार्यालयातला फोन दिवसभर खणखणायचा तो "वस्तीतली डुकरं उचला" म्हणून. उलट वस्तीतली डुकरं पटापट मेली म्हणून कुणी नागरिकाने फोन केल्याचं मला आठवत नाही. हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तर अमेरिका. १८३० च्या दशकात ओहायो राज्यात डुकरांमध्ये एक नवा आजार दिसायला लागला. तिथलं शेतीचं गणित सरळ होतं : मका पिकवायचा, तो डुकराला घालायचा, डुक्कर विकायचं. मका गाडीत भरून बाजारात नेण्यापेक्षा तो डुकराच्या अंगावर चढवून नेणं स्वस्त पडायचं. सिनसिनाटी शहरात इतकी डुकरं कापली जायची की लोक त्याला डुकरांचं शहर म्हणायचे. रेल्वे आली, डुकरं लांब जाऊ लागली आणि त्यांच्याबरोबर आजारही. डुक्कर खाणं सोडायचं, तापाने फणफणायचं, थंडी वाजल्यासारखी सगळी एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडायची. मग मागचे पाय लटपटायचे, पोटावर आणि कानांवर लालजांभळे डाग यायचे आणि आठ-पंधरा दिवसांत गोठा रिकामा. ज्या घरचं कर्ज डुकरांवर फिटायचं त्या घराचं काय होत असेल, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

१८८४ मध्ये अमेरिकी सरकारने जनावरांच्या रोगांसाठी एक स्वतंत्र खातं काढलं. त्याचा पहिला प्रमुख डॅनियल साल्मन. त्याच्या हाताखाली थिओबाल्ड स्मिथ नावाचा तरुण शास्त्रज्ञ. या दोघांनी मेलेल्या डुकरांतून एक जिवाणू वेगळा काढला आणि हाच हॉग कॉलऱ्याचं कारण असं जाहीर केलं. काम बहुतेक स्मिथचं, नाव झालं साहेबाचं. आज आपण ज्याला साल्मोनेला म्हणतो, अंड्यांच्या आणि अन्नविषबाधेच्या बातम्यांत येतो तो, त्या जिवाणूकुळाला साल्मनचंच नाव आहे.

गंमत अशी की तो जिवाणू हॉग कॉलऱ्याचं कारण नव्हताच. आजारी डुकराचं शरीर कमजोर झालं की तो मागून हात धुऊन घ्यायचा, इतकंच. पण या चुकीच्या जिवाणूतून एक खरी गोष्ट बाहेर आली. १८८६ मध्ये साल्मन आणि स्मिथ यांनी तो जिवाणू उष्णतेने मारून कबुतरांना टोचला, आणि नंतर जिवंत जिवाणू दिला तरी कबुतरं वाचली. मेलेल्या जंतूनेसुद्धा प्रतिकारशक्ती येते, हे तोपर्यंत कुणी नीट दाखवलेलं नव्हतं. पाश्चरच्या लसी जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या होत्या. दहा-अकरा वर्षांनी, १८९७ च्या जानेवारीत, मुंबईत भायखळ्याला हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तीही उष्णतेने मारलेल्या जंतूंचीच होती. प्लेगच्या लसीचा उल्लेख आपल्या इतिहासात नेहमी येतो. तिच्यामागचं तत्त्व आधी एका डुकराच्या रोगाच्या फसलेल्या तपासात सापडलं होतं, हे मात्र येत नाही.

शेतकऱ्यांना अर्थात कबुतरांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांची डुकरं मरतच होती. या चुकीच्या जिवाणूवर सरकारी खात्याची पंधरा-सतरा वर्षं गेली. १९०३ मध्ये त्याच खात्यातल्या दि श्वाइनिट्झ आणि मॅरियन डॉर्सेट या दोघांनी आजारी डुकराचं रक्तजल इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की त्यातून एकही जिवाणू पलीकडे जाऊ नये. गाळलेलं ते पाणी टोचलं, तरी डुक्कर आजारी पडलं, आणि त्याच्यापासून दुसरंही. म्हणजे कारण जिवाणूपेक्षा लहान काहीतरी होतं. आज त्याला आपण विषाणू म्हणतो. आपल्याच खात्याच्या प्रमुखाचा शोध खोटा ठरवणारा निष्कर्ष त्याच खात्याने छापला. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला याचं मोल जरा जास्त कळतं.

आता लस. डॉर्सेट पेशाने रसायनशास्त्रज्ञ, टेनेसीचा. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयोवा राज्यात एम्सजवळ शेतावरच प्रयोग मांडले. आजारातून वाचलेलं डुक्कर पुन्हा आजारी पडत नाही, हे शेतकऱ्यांना माहीतच होतं. अशा वाचलेल्या डुकराला त्यांनी आजारी डुकराचं विषारी रक्त मोठ्या प्रमाणात टोचलं. त्याला काही होत नसे, उलट त्याच्या रक्तात प्रतिपिंडांचा साठा वाढत जायचा. मग त्याच्या शेपटीचं टोक कापून रक्त काढायचं, काही दिवसांनी पुन्हा थोडं वर कापून काढायचं, शेपूट संपत आली की शेवटी मारून सगळं रक्त घ्यायचं. वाचायला क्रूर वाटतं, होतंच. या रक्ताचं सीरम पिल्लाला दिलं की ते वाचायचं, पण जेमतेम काही आठवडे. उधारीची ताकद, लवकर संपायची.

म्हणून डॉर्सेटने पुढची पायरी घेतली. पिल्लाच्या एका बाजूला सीरम टोचायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला थोडं जिवंत, विषाणूने भरलेलं रक्त. रोगही द्यायचा आणि ढालही. सीरम चांगलं असेल तर पिल्लाला किरकोळ ताप येऊन ते जन्मभरासाठी सुरक्षित. १९०७ मध्ये आयोवातल्या शेतांवर चाचण्या झाल्या आणि पद्धत चालली. डॉर्सेटने पेटंट घेतलं ते कुणी दुसऱ्याने घेऊन अडवू नये म्हणून. देशात कुणीही ती फुकट वापरावी अशी त्यात मुभा होती. यातून त्याला किती कमावता आलं असतं याचा अंदाज करा आणि पुढे वाचा.

कारण कमावणारे दुसरे निघालेच. गावोगाव सीरमचे कारखाने उघडले. काही चांगले, काही निव्वळ लबाड. पाणचट सीरम आणि त्याबरोबर जिवंत विषाणू, म्हणजे शेतकऱ्याने पैसे देऊन घरात रोग आणण्यासारखं. १९१३ साली अमेरिकेत या रोगाची भयंकर साथ होती. देशातल्या दर दहा डुकरांमागे साधारण एक मेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी संसदेने जनावरांच्या लसी आणि सीरमवर परवाना आणि तपासणी बसवणारा कायदा केला. तो आजही लागू आहे. आणि तरी पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, लाळ्या-खुरकुताची मोठी साथ शिकागोच्या जनावर बाजारातून देशभर गेली तेव्हा तिच्या प्रसाराला दूषित झालेलं हॉग कॉलऱ्याचं सीरमही कारणीभूत ठरलं. एका रोगाची लस दुसरा रोग घेऊन शेतावर पोचली. ज्यांना वाटतं की औषधांवरची सरकारी तपासणी म्हणजे नुसता इन्स्पेक्टर राजचा त्रास, त्यांनी ही दोन वर्षं जरूर वाचावीत.

दुसरं भांडण आणखी मजेशीर. टोचायचं कुणी? पशुवैद्य म्हणायचे, जिवंत विषाणू शेतकऱ्याच्या हातात देऊ नका. शेतकरी म्हणायचे, पिल्लं आमची, सुई आम्हाला धरता येते, फी का द्यायची? शेतकऱ्यांच्या संघटनांनी घाऊक सीरम घेतलं, राज्यांनी शेतकऱ्यांना टोचणीचे वर्ग घेऊन परवाने दिले. पशुवैद्य चिडले, कारण मक्याच्या पट्ट्यातल्या कित्येकांचा दवाखाना डुकरांच्या याच टोचणीवर चालायचा. दोघांचंही म्हणणं रास्त होतं आणि दोघांचाही त्यात स्वार्थ होता. मला स्वतःला यात शेतकऱ्यांची बाजू थोडी जड वाटते. डॉक्टर येईपर्यंत थांबलेलं पिल्लू मेलं तर त्याची भरपाई डॉक्टर देत नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण पिल्लांच्या लसीकरणाचा सगळा खेळ तिच्यावर आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच काही प्रतिपिंडं मिळतात. डुकराच्या पिल्लाला मिळत नाहीत. ते जन्मतं ते रिकाम्या हातांनी. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत आईचा चीक पोटात गेला तर त्यातून जे मिळेल तेच त्याचं भांडवल. मादीला लस दिलेली असेल तर चीक दमदार असतो आणि पिल्लू काही आठवडे सुरक्षित राहतं. पण तेवढ्याच काळात पिल्लाला जिवंत लस टोचली तर आईची प्रतिपिंडं त्या लसीलाच मारून टाकतात. फार लवकर टोचलं तर लस वाया, फार उशिरा टोचलं तर मधल्या काळात पिल्लू उघडं. म्हणून वेळ साधावी लागते, साधारण दूध तुटल्यानंतर, दीड-दोन महिन्यांच्या आसपास, आणि ती मादीला काय दिलंय यावर पुढेमागे होते. "लस दिली तरी मेलं" या तक्रारीमागे पुष्कळदा लस नसते, तारीख असते. आणि तारीख लिहून ठेवायला वही लागते. आमच्याकडच्या वस्त्यांमध्ये पिल्लू कधी जन्मलं याचा हिशोब घरातल्या बाईच्या डोक्यात पक्का असतो, पण लस घेऊन येणारा तिला विचारत नाही, तो बाहेर उभ्या असलेल्या पुरुषाला विचारतो.

हॉग कॉलऱ्याने एक भलतीच देणगीही दिली. १९१८ च्या सप्टेंबरअखेरीस आयोवातल्या सीडर रॅपिड्स गावी डुकरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथून परतलेली डुकरं खोकायला, शिंकायला लागली, नाकाडोळ्यांतून पाणी. त्याच वेळी माणसांत ती कुप्रसिद्ध इन्फ्लुएन्झाची साथ. हॉग कॉलऱ्यासाठी नेमलेला सरकारी निरीक्षक जे. एस. कोएन म्हणाला, हा माणसांचाच फ्लू आहे, मी याला फ्लूच म्हणणार. डुकराच्या मांसाचे व्यापारी खवळले, लोक मांस खायचे बंद होतील म्हणून. तो मागे हटला नाही. दहा वर्षांनी रिचर्ड शोप नावाचा आयोवाचाच डॉक्टर हॉग कॉलऱ्याचा अभ्यास करायला गावी आला आणि फ्लूच्या मागे लागला. १९३१ मध्ये त्याने डुकरांच्या फ्लूचा विषाणू प्रसिद्ध केला. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला त्यानंतर, १९३३ साली लंडनमध्ये. म्हणजे डुकराने माणसाला फ्लू दिला की माणसाने डुकराला, हा २००९ मध्ये आमच्या फोनवर विचारला जाणारा प्रश्न ९१ वर्षं जुना होता, आणि १९१८ मध्ये बहुधा माणसानेच डुकराला दिला होता असंच आज मानलं जातं.

मूळ विषयाकडे. सीरम आणि विषाणू एकत्र टोचायची ही पद्धत साधारण अर्धं शतक चालली. तिने लाखो शेतं वाचवली हे निर्विवाद. आणि तिनेच रोग जिवंतही ठेवला. दर वसंतात पिल्लं व्यायली की देशभर जिवंत, अस्सल विषाणू बाटल्यांत भरून शेतोशेती जायचा. टोचलेलं पिल्लू काही दिवस तो बाहेर टाकायचं. ज्याने टोचून घेतलं नाही त्या शेजाऱ्याचा गोठा बसायचा, मग पुढच्या वर्षी तोही टोचायचा. सीरमवाल्यांचा धंदा अखंड चालू. याला कुणी कट म्हणू नये, कटाची गरजच नव्हती. ज्याने त्याने आपापल्या गोठ्यापुरतं शहाणपण केलं आणि त्याची बेरीज अशी झाली की देशात रोग कायमचा राहिला.

१९३० च्या दशकात डॉर्सेटनेच क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने विषाणू निष्प्रभ केलेली लस काढली. १९४० च्या दशकात सशांच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन विषाणू दुबळा केला गेला आणि त्याची जिवंत लस आली. ही बरीच सुरक्षित होती, तरी त्या काळातल्या काही जिवंत लसी गाभण मादीला दिल्या की पिल्लं व्यंग घेऊन किंवा मेलेली जन्मायची. १९५० च्या दशकात चीनने केलेली सी स्ट्रेन नावाची लस या सगळ्यांत सरस निघाली. आजही जगात बहुतेक ठिकाणी तिचीच वंशावळ चालते.

६ सप्टेंबर १९६१ ला अध्यक्ष केनेडींनी निर्मूलनाच्या कायद्यावर सही केली. पुढची सोळा वर्षं जे झालं त्यात शोध कमी आणि कारकुनी जास्त होती, म्हणून त्यावर सिनेमे निघत नाहीत. मेलेलं डुक्कर कळवणं सक्तीचं झालं. प्रयोगशाळेत काही तासांत निदान होईल अशी सोय झाली. हॉटेलांचं आणि शहरांचं खरकटं डुकरांना घालायचं तर आधी उकळायचं हे नियम १९५० च्या दशकात दुसऱ्या एका रोगामुळे आलेच होते, ते कडक झाले, कारण मांसाच्या तुकड्यातून विषाणू खरकट्यात येतो. रोग सापडला की तिथली सगळी डुकरं मारायची आणि केंद्र व राज्याने मिळून मालकाला पैसे द्यायचे. आणि शेवटी लस. रोग कमी होत आला तसं लक्षात आलं की उरलेल्यांपैकी काही साथी लसीच्या आडोशाने टिकून आहेत. लस टोचलेल्या कळपात रोग दबून राहतो, चटकन दिसत नाही. शिवाय रक्त तपासलं तर प्रतिपिंडं लसीची की रोगाची हे सांगता येत नव्हतं. १९६९ पर्यंत जिवंत लसीचा वापर आणि राज्याराज्यांतली ने-आण बंद करण्यात आली. शेतकऱ्यांची पिढ्यान्पिढ्यांची सवय एका आदेशाने मोडली. लोक घाबरले, आणि १९७२ मध्ये रोगाने पुन्हा उसळी घेतल्यावर त्यांची भीती खरी ठरते की काय असं वाटलं. सरकार हटलं नाही. शेवटची साथ १९७६ मध्ये न्यू जर्सीत. एकूण खर्च सुमारे १४ कोटी डॉलर.

आता कुणी म्हणेल, मग आपणही लस बंद करू. थांबा. युरोपीय समुदायाने १९९० पासून हीच वाट धरली, प्रतिबंधक लस बंद. हेतू व्यापाराचा होता, लस दिलेल्या देशाचं डुकराचं मांस इतर देश घेत नाहीत. ४ फेब्रुवारी १९९७ ला नेदरलँड्समध्ये पहिला रोगी गोठा सापडला. जर्मनीतून परतलेल्या, नीट न धुतलेल्या गाडीतून विषाणू आल्याचं मानलं जातं. इवल्याशा देशात डुकरांची दाटी, आणि एकाच्याही अंगात प्रतिकारशक्ती नाही. वर्षभरात ४२९ गोठे बाधित झाले आणि साधारण १ कोटी १० लाख डुकरं मारावी लागली. यातली बहुसंख्य पूर्ण निरोगी होती. वाहतूक बंद, विक्री बंद, गोठ्यात पिल्लं वाढतायत, उभं राहायला जागा नाही, म्हणून मारली. जपानने २००६ मध्ये लस थांबवली, सप्टेंबर २०१८ मध्ये गिफू प्रांतात रोग परत आला, रानडुकरांत शिरला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानने मुकाट्याने पुन्हा लस सुरू केली. जपान! जिथे शिस्तीला तोटा नाही आणि भरपाईला पैसा कमी नाही.

म्हणजे लस थांबवणं ही श्रीमंताची शेवटची पायरी आहे. तिच्या आधीच्या पायऱ्या चढलेल्या असाव्या लागतात, आणि चढल्यावरसुद्धा पाय घसरतो. ज्याने पहिलीच पायरी चढलेली नाही त्याने शेवटचीची चर्चा करू नये. आपण त्या पहिल्या पायरीवर आहोत.

भारतात या रोगाच्या सुरुवातीच्या नोंदींमध्ये महाराष्ट्राची नोंद आहे. १९६२ मध्ये भारतीय पशुवैद्यक नियतकालिकात महाराष्ट्रातल्या स्वाईन फीव्हरची निरीक्षणं छापून आली. आणि जनावरांच्या लसींचं काम करणारी देशातली सगळ्यात मोठी संस्था, उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, तिचा जन्म १८८९ चा, पुण्याचा. तिथल्या सायन्स कॉलेजात ती प्रयोगशाळा सुरू झाली, १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. पुणेकर कशाकशाचा अभिमान बाळगतात, याचा बाळगलेला मी ऐकला नाही.

आपली लस अनेक दशकं सशांवर अवलंबून होती. इंग्लंडमधल्या वेब्रिज इथला दुबळा केलेला विषाणू सशाला टोचायचा, ससा मारायचा, त्याच्या प्लीहेतून लस करायची. एका सशातून फक्त ५० मात्रा. २०२० च्या फेब्रुवारीत इज्जतनगरच्या संस्थेने सशाशिवाय, पेशींच्या संवर्धनावर वाढवलेली लस आणली, तेव्हा केंद्र सरकारने दिलेले आकडे असे : देशाची वर्षाची गरज २ कोटी २० लाख मात्रा, सशांपासून तयार होत होत्या सुमारे १२ लाख. कोरियातून आणलेली लस ३० रुपयांना, सशाची १५ ते २० ला, नवी २ रुपयांहून कमी. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. शंभर डुकरांना लागणाऱ्या लसीपैकी पाच-सहा डुकरांपुरती आपण देशात तयार करत होतो, आणि हे साठ वर्षांनी. यात शास्त्र अडलेलं नव्हतं. पेशींवर विषाणू वाढवणं जगाला कधीचं येत होतं. हीच टंचाई गाईम्हशींच्या लसीची असती तर विधानसभा बंद पडली असती.

का? कारण डुक्कर कोण पाळतं हे सगळ्यांना माहीत आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरं होती, सगळ्यात जास्त आसामात, आणि ईशान्य भारतात ती घराघरात, बाईच्या हातची बचत. आपल्याकडे वडार, कैकाडी अशा समाजांच्या वस्त्यांवर. गोव्यात ख्रिस्ती घरांच्या परसात. यांच्यापैकी कुणाचाही आवाज जनावरांच्या धोरणात पोचत नाही. नोकरीत असताना एका गावी मी बघितलं, तीन दिवसांत एका वस्तीतली जवळजवळ सगळी डुकरं मेली. नगरपालिकेची गाडी आली ती मेलेली डुकरं उचलायला, आणि येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. नमुना घ्यायला कुणी सांगितलं नाही. निदान झालं नाही, म्हणजे नोंद झाली नाही, म्हणजे कागदावर त्या तालुक्यात रोग नाही, म्हणजे लसीची मागणी शून्य. पुढच्या वर्षी तिथे लस का आली नाही, याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

आणि आता आफ्रिकन स्वाईन फीव्हर. मे २०२० मध्ये आसामात त्याची पुष्टी झाली, पुढे मिझोराममध्ये त्याने घरंच्या घरं रिकामी केली. त्याला आपल्याकडे लस नाही. व्हिएतनामने जून २०२२ मध्ये जगातली पहिली मंजूर केली. दोनच महिन्यांत फू येन प्रांतात टोचलेली शेकडो डुकरं मेल्यावर ती थांबवली, तपासलं, आणि जुलै २०२३ मध्ये फक्त मांसासाठी वाढवायच्या, ठरावीक वयाच्या पिल्लांसाठी पुन्हा परवानगी दिली. १९१३ मध्ये अमेरिकेने जे पैसे मोजून शिकलं तेच ते, तपासणी आधी आणि टोचणी नंतर. लस नसेल तिथे उरतं ते लवकर कळवणं, डुकरं मारणं आणि पैसे देणं. आपल्या २००९ च्या कायद्यात अधिकार आहेत, योजनेत भरपाई आहे. पण भरपाई सरकारने मारलेल्या डुकराची मिळते, त्याआधी रोगाने मेलेल्याची नाही. म्हणजे मालकाने पहिलं डुक्कर आजारी पडताच कळवावं यातच त्याचा फायदा. मात्र त्याला आधीच्या गावातल्या माणसाला पैसे किती महिन्यांनी मिळाले हे माहीत असतं. उशीर झाला असेल तर तो कळवत नाही, उरलेली डुकरं रात्रीतून विकून मोकळा होतो, आणि विषाणू पुढच्या बाजारात जातो. त्याला दोष देण्याआधी त्याचं खातं बघा.

क्लासिकल स्वाईन फीव्हरची लस आता केंद्राच्या कार्यक्रमात आहे, पिल्लांना फुकट द्यायची असं ठरलेलं आहे. बाटली कोरड्या पावडरीची असते, सोबत पातळ करायचं द्रावण. ती शीतपेटीत न्यावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. एका बाटलीत बऱ्याच मात्रा असतात आणि एका घरी पिल्लं असतात चार. म्हणजे लस देणाऱ्याने वस्तीत आधी निरोप पाठवायचा, सगळ्यांची पिल्लं एका सकाळी एका जागी धरून ठेवायला सांगायची, उन्हं वाढायच्या आत टोचून मोकळं व्हायचं. डुकरं सकाळी लवकर सोडतात, त्यामुळे हे काम पहाटे सहाला करावं लागतं. कार्यालय उघडतं पावणेदहाला.